देवमाशांची खानेसुमारी

सोव्हिएत संघाने १९४७ ते १९७३ या काळात दक्षिण गोलार्धात किती हंपबॅक देवमासे मारले, याचा अधिकृत आकडा आहे २,७१०. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाला त्यांनी हाच आकडा कळवला होता. खरा आकडा ४८ हजारांच्या वर होता. म्हणजे अठरा मारायचे आणि एक कागदावर दाखवायचा, असा तो हिशेब. ही लबाडी एखाद्या कप्तानाची नव्हती. ती एका महासत्तेची होती आणि पाव शतक बिनबोभाट चालली होती.

ती फुटली १९९३ साली. अमेरिकेत टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन गावी सागरी सस्तन प्राण्यांच्या अभ्यासकांची परिषद भरली होती. बोरिस येल्त्सिन यांचे पर्यावरण सल्लागार अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी तिथे उभे राहून सांगितले की, आमच्या देशाने दिलेले व्हेलिंगचे आकडे खोटे होते. मग एकेक जुना शास्त्रज्ञ पुढे येऊ लागला. या शिकारी ताफ्यांवर जीवशास्त्रज्ञ असत. डेकवर ओढलेल्या प्रत्येक देवमाशाची लांबी, नर की मादी, पोटात काय सापडले, मादी गाभण असेल तर गर्भ केवढा, हे सगळे ते इमानदारीने लिहून ठेवत. व्यापारी दोन चोपड्या ठेवतो, एक स्वतःची आणि एक आयकरवाल्याला दाखवायची, तसाच हा प्रकार. खरी चोपडी गुप्त असे आणि पुढे नष्ट करायची असे. कालिनिनग्राडच्या दिमित्री तोर्मोसोव्ह यांनी ती जाळली नाही. हजारो देवमाशांच्या नोंदींचे कागद त्यांनी घराच्या तळघरात, बटाटे साठवायच्या जागेत, लपवून ठेवले. आज दक्षिणेकडच्या समुद्रांतल्या देवमाशांचा इतिहास आपण ज्या खात्रीने सांगतो, तिचा एक मोठा भाग त्या तळघरातून आणि तशाच आणखी काही जणांच्या कपाटांतून आला आहे.

देवमाशांच्या मोजणीबद्दल लिहायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते. कारण ही मोजणी पहिली शंभर वर्षे मारेकऱ्यांच्याच हातात होती. किती होते, कुठे होते, कुठून कुठे जात होते, हे मारलेल्यांवरून कळत होते.

ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा घ्या. तिथले हंपबॅक दक्षिणी उन्हाळ्यात अंटार्क्टिकाच्या बर्फाजवळ क्रिल नावाचे कोळंबीसारखे बारीक जीव खातात आणि थंडी सुरू झाली की उत्तरेकडे, ग्रेट बॅरिअर रीफच्या कोमट पाण्याकडे निघतात. तिथे वितात, माजावर येतात, आणि पिल्लांना घेऊन सप्टेंबर-ऑक्टोबरात परततात. जाताना-येताना किनारा जवळ धरून चालतात. या सवयीनेच त्यांचा घात केला. ब्रिस्बेनसमोरच्या मोर्टन बेटावर टँगलूमा इथे १९५२ साली व्हेलिंग स्टेशन सुरू झाले आणि बायरन बे इथे १९५४ साली. शिकारी बोटींना फार लांब जावेच लागत नव्हते. माल दाराशी चालत येत होता. दहा वर्षांत एकट्या टँगलूमाने सहा हजारांहून अधिक हंपबॅक कापले. १९६२ साली दोन्ही स्टेशने बंद पडली. सरकारने बंद केली नाहीत, की कुणाला दया आली नाही. समोरून जायला देवमासेच उरले नव्हते.

हिशेब मात्र जुळत नव्हता. किनाऱ्यावरच्या स्टेशनांनी घेतलेले कोट्यात होते. अंटार्क्टिकात इतर देशांनी घेतलेले जाहीर होते. ग्रॅहॅम चिटलबरो हे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ या जातीचा वर्षानुवर्षे अभ्यास करत होते. नोंदलेल्या शिकारीतून एवढी घसरण होत नाही, हे त्यांच्या गणितात दिसत होते. उत्तर तीस वर्षांनी मिळाले : १९५९-६० आणि १९६०-६१ या दोनच हंगामांत सोव्हिएत ताफ्यांनी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दक्षिणेला जवळजवळ २५ हजार हंपबॅक मारले होते. १९६३ साली दक्षिण गोलार्धात हंपबॅकच्या शिकारीवर बंदी आली तेव्हा पूर्व ऑस्ट्रेलियाच्या बाजूला जेमतेम काही शे देवमासे उरले असावेत.

हे देवमासे कोणत्या वाटेने जातात हे त्या काळी कसे शोधत, हेही सांगण्यासारखे आहे. त्यासाठी ‘डिस्कव्हरी मार्क’ नावाची पोलादी नळी होती. तिच्यावर क्रमांक कोरलेला असे. बंदुकीतून ती देवमाशाच्या पाठीत मारायची, चरबीतून आत मांसात रुतेल अशी. नंतर तारीख आणि जागा लिहून ठेवायची आणि वाट बघायची. त्या देवमाशाला दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या कुठेतरी मारले, आणि कापताना ती नळी सुरीला लागली किंवा चरबी उकळल्यावर कढईच्या तळाशी सापडली, तर एक प्रवास सिद्ध झाला. अंटार्क्टिकात टोचलेली नळी टँगलूमाला निघाली म्हणून हा अमुक समुद्रातला कळप आहे, एवढे कळायचे. देवमाशाचा एक प्रवास समजायचा तर त्याला मरावे लागे. त्या पद्धतीत याहून वेगळा मार्गच नव्हता.

मग शिकार थांबली आणि मारलेल्यांवरून मोजणीही थांबली. आता जिवंत देवमासा मोजायचा कसा?

टँगलूमाच्या दक्षिणेला नॉर्थ स्ट्रॅडब्रोक बेट आहे. क्वांडामूका लोकांचे ते मिंजेरिबा. त्याच्या ईशान्य टोकाला समुद्रात घुसलेला एक उंच खडकाळ कडा आहे, पॉइंट लुकआउट. कॅप्टन कुकने १७७० च्या मे महिन्यात त्याला हे नाव दिले. इथे समुद्रतळाची उथळ पायरी अरुंद आहे आणि किनारा बाहेर आलेला आहे. त्यामुळे उत्तरेकडे निघालेले बहुतेक हंपबॅक दहा किलोमीटरच्या आतून जातात. विमानातून केलेल्या पाहण्यांनी याची खातरजमा केलेली आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मायकेल ब्रायडेन आणि त्यानंतर रॉबर्ट आणि पॅट्रिशिया पॅटरसन हे दाम्पत्य या कड्यावरून देवमासे मोजू लागले. पुढे क्वीन्सलँड विद्यापीठातल्या मायकेल नोआड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम हाती घेतले.

काम ऐकायला सोपे वाटते. जून-जुलैत, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, सकाळी कड्यावर जायचे. दुर्बीण आणि थिओडोलाइट लावायचा. हा थिओडोलाइट म्हणजे आपल्याकडे रस्त्याची आखणी करणारे तिकाटीवर लावतात तोच. समुद्रावर वाफेचा फवारा उडाला की ओरडायचे. हंपबॅकचा फवारा तीनेक मीटर उंच उडतो, झुडपासारखा फुलतो आणि काही क्षणांत वाऱ्यावर विरतो. थिओडोलाइट त्या जागेवर रोखायचा आणि आडवा-उभा कोन वाचायचा. कड्याची उंची ठाऊक आहे, भरती-ओहोटी ठाऊक आहे. त्यावरून तो देवमासा नेमका कुठे आहे, हे गणिताने निघते. मग तो बुडी मारतो. पाच-दहा मिनिटांनी थोडे उत्तरेला पुन्हा फवारा उडतो. तोच की दुसरा? एकट्याचा आहे की तिघांचा? मघाच्या दोघांत मागून आलेला तिसरा मिळाला का? एकच कळप दोनदा मोजला तर आकडा फुगतो, दोन कळप एक धरले तर घटतो. खरी कसोटी इथे आहे आणि थिओडोलाइट ती घेत नाही. ती बसणाऱ्याच्या डोळ्यांची आणि चिकाटीची असते.

शिवाय नजरेतून सुटलेले असतातच. ते किती, हे काढण्यासाठी एकाच वेळी दोन गट वेगवेगळ्या जागी बसवतात. एकमेकांशी बोलायचे नाही, एकमेकांच्या वह्या बघायच्या नाहीत. संध्याकाळी दोन्ही नोंदी ताडून बघायच्या. पहिल्याला दिसलेले दुसऱ्याच्या नजरेतून किती सुटले, दुसऱ्याला दिसलेले पहिल्याच्या किती, यावरून दोघांच्याही नजरेतून किती सुटले असतील याचा अंदाज बांधता येतो. वारा वाढून समुद्र फेसाळला की मोजणी थांबवायची, पण थांबवल्याची वेळ लिहायची. रात्री काहीच दिसत नाही, म्हणून रात्रीही ते त्याच गतीने जातात असे धरून हिशेब करायचा. आणि शेवटी हातात काय येते? दर दहा तासांमागे किती देवमासे गेले, एवढा एक आकडा. हंगामाच्या भरातल्या चार आठवड्यांची सरासरी. पुढच्या हंगामात पुन्हा तीच जागा, तोच काळ, तीच रीत.

एका वर्षाच्या आकड्याला यात जवळजवळ किंमत नाही. हवा वाईट असू शकते, देवमासे आठवडाभर उशिरा येऊ शकतात, बसणारे नवखे असू शकतात. वर्तमानपत्रांना मात्र नेमका तोच हवा असतो, ‘यंदा विक्रमी देवमासे’ म्हणून मथळा द्यायला. १९८४ ते २०१५ या तीस-एकतीस वर्षांच्या ओळीकडे पाहिल्यावरच खरी गोष्ट दिसते : हा कळप दरवर्षी १०.९ टक्क्यांनी वाढत आला. हंपबॅक मादी अकरा-बारा महिने गर्भ वाढवते, दोन-तीन वर्षांनी एकच पिल्लू देते. या जातीला शरीरधर्माने जास्तीत जास्त जेवढे वाढता येईल, त्याच्या काठावरच हा वेग आहे. साधारण सात वर्षांत दुप्पट. काही शे पासून निघालेला आकडा २०१५ मध्ये साडेचोवीस हजारांवर पोहोचला. चुकीची शक्यता धरून तो २१ हजार ६०० ते २७ हजार ९०० च्या दरम्यान आहे, असे अभ्यासकांनी मांडले आहे. मला त्या चोवीस हजारांपेक्षा हा खालचा-वरचा आकडा जास्त विश्वासाचा वाटतो. सोव्हिएत अहवालांत असा कधीच नसायचा. तिथे प्रत्येक संख्या शेवटच्या अंकापर्यंत नेमकी असे.

मोजणी चालू असताना न मागता काही गोष्टी हाती येतात, त्यांतली एक नोआड आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये मांडली. हंपबॅक नर गातात, आणि एका समुद्रातले सगळे नर एका हंगामात एकच गाणे गातात. १९९६ साली पूर्व किनाऱ्यावर ८२ गायकांचे आवाज टिपले गेले. त्यांतले दोघे वेगळेच काही गात होते. त्यांचे गाणे हे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, हिंदी महासागरातले, होते. १९९७ मध्ये बरेच जण ते उचलताना दिसले आणि १९९८ पर्यंत पूर्वेकडच्या साऱ्यांनी आपले जुने गाणे टाकून दिले. पाहुण्यांची चाल दोन वर्षांत घराण्याची झाली. लांबच्या पल्ल्याची नोंद नसती, तर १९९६ चे ते दोन आवाज यंत्रातला बिघाड म्हणून फेकून दिले गेले असते.

पॉइंट लुकआउट हा विद्यापीठाचा उद्योग. सिडनीच्या दक्षिणेला केप सोलँडर इथे १९९७ पासून स्वयंसेवक हेच करत आले. हौशी लोकांच्या नोंदींना शास्त्रज्ञ नाके मुरडतात, आणि कधी कधी ते बरोबरही असतात. पण दरवर्षी त्याच खडकावर जाऊन बसणारा निवृत्त माणूस हा तीन वर्षांच्या अनुदानावर आलेल्या तरुण संशोधकापेक्षा या कामाला अधिक उपयोगी पडतो, असे माझे मत झाले आहे. अनुदान संपते. निवृत्ती संपत नाही.

आणि आकडा खालीही येतो, हे मोजणाऱ्यांनाच आधी कळते. ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये हंपबॅकला संकटग्रस्त यादीतून काढले, तेव्हा अनेकांनी समाधानाने मान डोलावली. उत्तर प्रशांत महासागरात मात्र शेपटीच्या फोटोंवरून ओळख पटवून केलेल्या मोठ्या मोजणीत वेगळेच निघाले. प्रत्येक हंपबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूला काळ्या-पांढऱ्या रंगाची नक्षी असते आणि ती एकासारखी दुसऱ्याची नसते. पर्यटकांनी, कोळ्यांनी, संशोधकांनी काढलेले असे फोटो संगणकाने जुळवले. २०१२ मध्ये ३३,५०० च्या घरात असलेली संख्या २०२१ पर्यंत २६,६०० वर आली होती. मधल्या काळात त्या समुद्रात उष्णतेची मोठी लाट आली होती आणि अन्न आटले होते. हार्पून नव्हते, तरी वीस टक्के गेले. शिकारबंदीवर विसंबून मोजणी बंद केली असती, तर हे कुणाला कळलेही नसते.

आता आपल्या समुद्राकडे येतो. वाकडी वाट करून मुद्दाम येत नाही. तळघरातल्या त्याच कागदांच्या वाटेने येतो.

त्या खऱ्या चोपड्यांत अरबी समुद्र होता. ओडेसाचे शास्त्रज्ञ युरी मिखालेव्ह यांनी १९९७ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यानुसार अंटार्क्टिकाकडे निघालेल्या सोव्हिएत ताफ्यांनी १९६५ आणि १९६६ च्या नोव्हेंबरांत ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्यासमोर २४२ हंपबॅक मारले होते. बहुतेक सगळे १९६६ मध्येच. आपण तेव्हा ताश्कंद करार आणि दुष्काळ यांत गुंतलेलो होतो. समोरच्या समुद्रात काय चालले आहे, याची मुंबईत कुणाला गंधवार्ताही नव्हती.

कापलेल्या माद्यांच्या पोटातल्या गर्भांची लांबी लिहिलेली होती आणि तिथेच शोध लागला. हे अंटार्क्टिकाचे पाहुणे असते, तर गर्भांची वाढ दक्षिण गोलार्धाच्या वेळापत्रकाप्रमाणे असायला हवी होती. ती सहा महिन्यांनी वेगळी, उत्तर गोलार्धाच्या चालीची निघाली. शिवाय पोटे भरलेली होती. विणीच्या उबदार पाण्यात हंपबॅक जवळजवळ उपाशी राहतात, असा सगळीकडचा अनुभव आहे. इथे ते मासे आणि क्रिल खात होते. म्हणजे हा कळप कुठे जातच नव्हता. नैऋत्य मोसमी वाऱ्याने ओमानच्या किनाऱ्याजवळ खालचे थंड, पोषक पाणी वर येते आणि उष्ण कटिबंधातला हा समुद्र काही महिने अंटार्क्टिकासारखा खाऊपिऊ घालतो. मग हजारो मैल दक्षिणेला जायचे कशाला? ज्या मोसमी वाऱ्यावर आपली शेती उभी आहे, त्यावरच हे देवमासेही तगून आहेत. जनुकीय तपासणीनुसार ते सुमारे ७० हजार वर्षे इतर हंपबॅकांपासून वेगळे राहिले आहेत. जगातला स्थलांतर न करणारा एवढाच हंपबॅक कळप आहे.

ओमानच्या किनाऱ्यावर शेपट्यांच्या फोटोंवरून केलेल्या मोजणीत या कळपाचा अंदाज निघाला ८२. बरोबर पाहिलेत, ब्याऐंशी. साठ ते एकशे अकराच्या दरम्यान. एका नोव्हेंबरच्या काही दिवसांत मारले गेले त्यांच्या साधारण तृतीयांश. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने हा कळप २००८ साली संकटग्रस्त म्हणून वेगळा नोंदवला. अमेरिकेने २०१६ साली जगातल्या चौदापैकी नऊ हंपबॅक कळपांना आपल्या यादीतून मोकळे केले, तेव्हाही अरबी समुद्राचा कळप यादीत तसाच ठेवला.

कागदोपत्री आपण काही कमी नाही. सेशेल्सच्या प्रस्तावावरून १९७९ साली हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य जाहीर झाला. भारत १९८१ साली आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाचा सदस्य झाला. वन्यजीव कायद्यात देवमासा पहिल्या अनुसूचीत आहे. पण भारताच्या बाजूला हे हंपबॅक किती आहेत, कुठे असतात, कोणत्या महिन्यात येतात, हे सांगायला ऑस्ट्रेलियासारखी एक ओळसुद्धा आपल्याकडे नाही. येतात हे नक्की. २०१७ च्या नोव्हेंबरात ओमानच्या मसिरा आखातात एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवले. तिचे नाव लुबान. अरबीत लोबानाला म्हणतात ते. ती सरळ पूर्वेला निघाली, दीड हजार किलोमीटरचा समुद्र ओलांडून डिसेंबरात गोव्याच्या बाजूला आली, किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला भारताच्या टोकापर्यंत गेली आणि परत ओमानला पोहोचली. गोव्याजवळ पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनिग्राहकांनी हंपबॅकचे गाणेही टिपलेले आहे. नर गातात ते बहुधा जोडीदारासाठी. तेव्हा गोव्यासमोरचे पाणी हे त्यांच्यासाठी केवळ जाण्यायेण्याची वाट नसावी.

आपल्या वर्तमानपत्रांत देवमासा दोनच प्रकारे येतो. एक म्हणजे ‘व्हेलची उलटी’ विकायला निघालेल्या टोळीला पोलिसांनी सापळा रचून पकडले, ही दर दोन-चार महिन्यांनी येणारी बातमी. त्यात कोटींचे आकडे असतात आणि देवमासा कुठेच नसतो. दुसरा, किनाऱ्याला लागलेला. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला जिवंत लागलेला आणि मेलेला ब्लू व्हेल, जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या चौपाटीवर आलेले प्रेत, नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला वाळूत रुतलेले पिल्लू. त्या पिल्लाला समुद्रात ढकलण्यासाठी लोक आणि वनखाते जवळजवळ दोन दिवस झटले, तरी ते वाचले नाही. अशा मेलेल्यांच्या नोंदी अभ्यासकांनी चिकाटीने गोळा केल्या आहेत आणि त्या मोलाच्या आहेत. पण प्रेत मोजून खानेसुमारी होत नाही. मेलेले बहुतेक देवमासे बुडतात. जे येतात ते वारा आणि प्रवाह आणेल तिथे येतात. रेवदंड्याला लागला म्हणून तो रेवदंड्यासमोर राहत होता, असे म्हणता येत नाही.

मग कोकणातही एक पॉइंट लुकआउट उभारावा का? मला वाटते, ते अंधानुकरण होईल. तिथली मोजणी जमते ती तीन गोष्टींवर : देवमासे ठरलेल्या काळात जातात, एकाच दिशेने जातात आणि कड्याखालून जातात. आपल्या हंपबॅकांना ठरलेला रस्ता नाही. मुंबईसमोर उथळ समुद्राची पायरी तीनशे किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. एवढ्या रुंद पाण्यात कुठेही असू शकणारा प्राणी विजयदुर्गाच्या तटावर दुर्बीण लावून कितीही बसले तरी क्वचितच दिसेल. आणि ज्या काळात समुद्रात अन्नाची रेलचेल असते, तोच पावसाचा काळ. तेव्हा समोरचे काहीच दिसत नाही आणि होड्याही किनाऱ्याला असतात.

पण पावसाळा सोडला तर खोल समुद्रात डोळे असलेली माणसे आपल्याकडे हजारोंनी आहेत. ट्रॉलरवरचा, गिलनेटवाल्या होडीवरचा तांडेल आठ-आठ दिवस बाहेर असतो. बांगडा, तारली कुठे आहे हे तो पाण्याच्या रंगावरून आणि पक्ष्यांवरून सांगतो. देवमासा दिसला तर तो पाहतो, खलाशांना दाखवतो, जाळे सांभाळतो आणि पुढे जातो. नोंद कुठेच होत नाही. सिंधुदुर्गात काही वर्षांपूर्वी संशोधकांनी कोळ्यांना सोबत घेऊन काम केले, तेव्हा २०१५ मध्ये कुणकेश्वरच्या समुद्रात ब्लू व्हेलची मादी आणि पिल्लू दिसले. शंभर वर्षांनी दिसले, अशी बातमी झाली. कोळ्यांना विचारले असते, तर ते शंभर वर्षे त्यांनी कदाचित मान्य केले नसते.

महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याने आणि कांदळवन कक्षाने डिसेंबर २०१८ पासून एक चांगली योजना चालवली आहे. जाळ्यात संरक्षित प्राणी अडकला आणि जाळे कापून त्याला सोडले, तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी फोटो द्यावा लागतो. या फोटोंतून नकळत एक दस्तऐवज तयार होत आहे : कोणता प्राणी, कोणत्या तारखेला, कोणत्या बंदरासमोर. भरपाईसाठी जमलेला हा कागद विज्ञानासाठीही जपला गेला पाहिजे, केवळ लेखापरीक्षणाची फाइल म्हणून गोदामात जाता कामा नये. त्यातली उणीव मात्र उघड आहे. पैसे जाळे कापल्याचे मिळतात. नुसता दिसला आणि निघून गेला, त्या देवमाशाची दखल घेणारा कागद कुणाकडे नाही.

तो करायला फार मोठे काही लागत नाही. २६/११ नंतर बऱ्याच बंदरांवर होडी बाहेर पडताना आणि परत येताना नोंद होते. हर्णे, मिरकरवाडा, मालवण अशा दोन-तीन बंदरांत त्या नोंदीला एक रकाना जोडता येईल : देवमासा दिसला का, कुठे, किती वाव पाण्यात, शेपटीचा फोटो आहे का. फोटो आता प्रत्येक खलाशाच्या खिशातल्या फोनवर निघतो, आणि ओमानच्या शेपट्यांची सूची तयार आहे. मच्छीमार सोसायट्यांनी हे आपले काम मानले तर सरकारवर फारसे अवलंबूनही राहावे लागणार नाही. वर्षातून एकदा सोसायटीत बसून कोणत्या महिन्यात किती होड्या किती दिवस बाहेर होत्या, याचा ताळा घ्यायचा. परप्रांतीय ट्रॉलर आणि पर्ससीनवाले यांच्याशी चाललेल्या भांडणात कोळ्यांना देवमाशाची चौकशी ही नवी कटकट वाटेल. आणि नोंद केली म्हणून उद्या याच पाण्यात मासेमारीवर बंदी येईल, अशी भीतीही त्यांना वाटेल. ती खोटी आहे असे म्हणता येणार नाही. त्यांना लेखी भरवसा द्यावा लागेल. सोव्हिएत ताफ्यावरचे शास्त्रज्ञ खरे आकडे लपवत होते ते याच कारणाने : खरे सांगणाऱ्याचे काय होईल, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

त्या रकान्यात सुरुवातीची दहा वर्षे बहुतेक ‘नाही’च लिहिले जाईल. तो ‘नाही’ टाळून चालणार नाही. होडी किती दिवस बाहेर होती, किती वावांत होती, यासकट तोही तारखेनिशी लिहावा लागेल. पॉइंट लुकआउटवरच्या वह्यांत रिकाम्या तासांच्या नोंदी आहेत, म्हणूनच त्यांचे दहा तासांचे आकडे तीस वर्षांनी एकमेकांशी ताडता आले.